बडोद्याहून महालक्ष्मीच्या रेसला: खर्च कुठे होतो, कुठे वाचतो

बडोद्यात रेस कोर्स सर्कल आहे, शर्यती मात्र नाहीत. गायकवाडांचा घोड्यांचा शौक खरा फळला तो बाहेर. प्रतापसिंहराव महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकली आणि त्यांच्या आजोबांचे नाव दिलेल्या, २८,००० गिनींना घेतलेल्या ‘सयाजीराव’ने १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर मारली. मुलांना हे सांगून खऱ्या शर्यती दाखवायच्या, तर सोयीचे ठिकाण म्हणजे १८८३ चे मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स.

कधी जावे?
मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. रविवारची तारीख निवडा. रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबच्या वेळापत्रकात त्या दिवशी शर्यती आहेत हे पाहूनच रेल्वेचे आरक्षण करा. डर्बी बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. थाट मोठा, पण गर्दीही तितकीच. लहान मुले बरोबर असतील तर एखादा साधा रविवार बरा. पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात.

प्रवास
दोन मोठी माणसे, एक दहा वर्षांचे आणि एक चार वर्षांचे मूल असा हिशेब धरू.
• रात्रीची गाडी: एकतानगर–दादर एक्स्प्रेससारख्या गाडीचे स्लीपरचे भाडे माणशी ३०० रुपयांच्या आसपास. पाच वर्षांखालील मूल फुकट. पाच ते बारामधल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर अर्धे भाडे, घेतला तर पूर्ण. तीन बर्थ घेतले तर जाऊन-येऊन सुमारे १,८०० रुपये. दोन्ही रात्री गाडीत गेल्या की हॉटेलचा खर्च वाचतो.
• वंदे भारत: चेअर कारचे एका वेळचे भाडे माणशी हजाराच्या आसपास. चेअर कारमध्ये पाच वर्षांवरच्या मुलाला पूर्ण भाडे पडते, म्हणजे तिघांचे एका वेळचे सुमारे ३,००० रुपये.
• मुंबईत: दादर किंवा मुंबई सेंट्रलहून स्लो लोकलने महालक्ष्मी, तिकीट ५ रुपये. फास्ट लोकल तिथे थांबत नाही. या भागात रिक्षा नाहीत. काळी-पिवळी टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये. मुंबई सेंट्रलहून साधारण ५०–६० रुपये होतात.

रेसकोर्सवर
प्रवेशशुल्क कोणत्या स्टँडमध्ये बसता यावर ठरते. सदस्यांच्या विभागाची हौस सोडा. सार्वजनिक स्टँडमधूनही शर्यत छान दिसते. मुलांसाठी खरी गंमत पॅडॉकजवळ: प्रत्येक शर्यतीआधी घोडे तिथे फिरवतात, जॉकी स्वार होतात. दोन शर्यतींमध्ये बराच वेळ जातो, तेव्हा टोपी, पाणी आणि एखादा बैठा खेळ जवळ ठेवा. सकाळी लवकर पोहोचलात तर दुपारपर्यंतचा वेळ जवळच्या नेहरू विज्ञान केंद्रात किंवा हाजी अलीला घालवता येतो.

पैज: खिशाला पडणारे खरे भोक
१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ मानले, त्यामुळे रेसकोर्सवर पैज लावणे कायदेशीर आहे. पण कर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०० रुपयांच्या पैजेमागे ४० रुपये. घोडा हरला तरी. त्याशिवाय टोटमध्ये (सगळ्यांच्या पैजांच्या सामाईक निधीत) जमा पैशातून क्लब आपला वाटा आधी काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो. जिंकलेली रक्कम १०,००० रुपयांवर गेली तर ३० टक्के प्राप्तिकर हातात पैसे येण्याआधीच कापला जातो. मुलांच्या हाती पैजेचे पैसे देऊ नका. अठरा वर्षांखालच्यांना पैज लावता येत नाही.

लावायचीच असेल तर आकडा घरीच ठरवा, तेवढीच रोकड वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ती तिकिटासारखी खर्ची टाका. ‘गेलेले भरून काढू’ म्हणत पुढच्या शर्यतीवर दुप्पट लावणे हा महालक्ष्मीचा सगळ्यात महागडा प्रकार आहे.

रात्रीची गाडी, साधा रविवार आणि सार्वजनिक स्टँड निवडलात तर सहल मध्यमवर्गीय घराला परवडते. पैजेची खिडकी टाळलीत तर आणखीच.