चोखणीत्याग आणि पादांशिक क्रम

दोन वर्षांच्या बालकाची चोखणी कशी सोडवावी, असा प्रश्न माता वैद्यास वारंवार विचारतात. 'आजपासून बंद करा' असे सांगणे सोपे. पूर्वी आम्हीही तसेच सांगत असू. परिणामी बालक रात्रभर रडे, अंगठा चोखू लागे आणि तिसऱ्या दिवशी चोखणी परत येई.

चोखणी हे त्या बालकाचे ओकसात्म्य झालेले असते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात अहितकर सवय एकेका पादाने, म्हणजे चतुर्थांशाने, सोडण्यास सांगितले आहे. वाग्भटांनीही दात आलेल्या बालकास स्तनापासून क्रमानेच दूर करण्याचा उपदेश केला आहे. तोच न्याय येथे लावावा.

पहिला पाद : खेळताना चोखणी देऊ नये.
दुसरा : घराबाहेर नेताना देऊ नये.
तिसरा : दुपारच्या झोपेस देऊ नये.
चौथा : रात्रीही देऊ नये.

एक पाद स्थिरावल्यावरच पुढचा घ्यावा. सोडलेल्या सवयीच्या जागी हितकर सवय रुजवावी. निजण्यापूर्वी तळपायांस तिळतेलाचा अभ्यंग व अंगाई उपयुक्त ठरते. ज्वर वा अतिसार असता थांबावे.

चोखणीस कडू रस फासू नये, बालक भिते. मध वा साखर लावू नये, दात किडतात. एक वर्षाखालील बालकास तर मध अनुपान म्हणूनही देऊ नये. त्यातील जीवाणूबीजांमुळे बोट्युलिझम हा प्राणावर बेतणारा विकार संभवतो. औषधालयचालकांनी चोखणी विकताना एवढे अवश्य सांगावे.

वयाच्या तिसऱ्या वर्षापूर्वी सवय सुटल्यास वरखालच्या पुढील दातांमधील फट बहुधा आपोआप भरून येते. म्हणून घाई नको, तसा विलंबही नको.