ऑपरेशनच्या आधीचा धडा

आपल्याकडे गुडघ्याचे दुखणे घरोघर आहे. उकिडवे बसून खुरपणी करायची, चुलीपुढे बसून भाकरी थापायची, डोक्यावर ओझी वाहायची. असे चाळीस वर्षे केले म्हणजे गुडघा कुरकुर करू लागतो. आधी तेल चोळून भागते. मग गोळी लागते. मग एसटीची पायरी चढवत नाही, रात्री झोप लागत नाही. आणि एक दिवस डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणतात, "गुडघा बदलावा लागेल."

हे ऐकले की माणूस गांगरतो. कुणी घाबरून घरी परत येतो आणि पुढची दहा वर्षे बाजेवर काढतो. कुणी काहीच न विचारता जाऊन टेबलावर पडतो. आमच्या घरात या दोन्ही चुका झाल्या. म्हणून हा धडा लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण शिकणे आणि शिकवणे यात माझा जन्म गेला. गुडघ्याचे ऑपरेशन ही शिकण्याचीही गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळले.

माझी थोरली बहीण आहे. तिला आम्ही सारे आक्का म्हणतो. आक्काचे दोन्ही गुडघे झिजले होते. पाच-सहा वर्षे तिने भीतीने टाळले. शेवटी एका शहरातल्या दवाखान्यात तिचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने पाय धरताच आक्का ओरडली, "बापू, हिला जा म्हण. लई दुखायलंय. टाके उसवतील की रे!"

मी काय केले? शहाण्यासारखा त्या मुलीला म्हणालो, "बाई, आज राहू द्या." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. गुडघ्याखाली जाड उशी ठेवली की आक्काला बरे वाटे. म्हणून आम्ही उशी ठेवली. घरी आल्यावरही तीन आठवडे ती उशी तिथेच होती. आम्हाला वाटे, आपण सेवा करतो आहोत.

उशी काढली तेव्हा गुडघा पुरता सरळ होईना, आणि पुरता वाकेनाही. घराचा उंबरा ओलांडताना तिचा पाय अडू लागला. पुढे सहा महिने रडत रडत व्यायाम केला, तेव्हा बराचसा फरक पडला. सगळा नाही. दवाखान्यात आम्हाला आधी कुणी नीट सांगितले नाही, हे खरे. पण आम्ही तरी कुठे विचारले?

आता गुडघा बदलतात म्हणजे काय करतात, ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात, तेथे दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरा, चिवट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. हा थर झिजला की हाडावर हाड घासते. तेच दुखते. गावात समज असा आहे की, डॉक्टर सगळा गुडघा कापून फेकतात आणि लोखंडाचा बसवतात. तसे नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात, तसे हे काम आहे. चाक तेच, आरे तेच. फक्त झिजणाऱ्या कडेवर लोखंडी धाव चढते. डॉक्टर हाडांची खराब टोके तेवढी तासतात. जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर धातूची टोपी बसवतात. दोन धातूंच्या मध्ये टणक प्लास्टिकची चकती असते. भोवतालचे स्नायू, कातडी आणि बाजूचे बंध मात्र तुमचेच राहतात. धाव नवी असली, तरी गाडी ओढायला बैल तुमचेच. मांडीचा स्नायू हा तो बैल. तो आधीच वाळलेला असेल तर नव्या धावेचा काय उपयोग?

हे काम आता नवे राहिलेले नाही. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. ऑपरेशन न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले. वाजपेयींचे वय तेव्हा पंचाहत्तरीचे होते. त्यानंतर त्यांनी २००४ सालापर्यंत देशाचा कारभार पाहिला. बदललेला गुडघा टिकतोही. परदेशांत अशा गुडघ्यांची नोंद ठेवतात. त्या नोंदींवरून २०१९ साली दिसले की, शंभरांपैकी सुमारे ऐंशी गुडघे पंचवीस वर्षे टिकतात.

आधी सांगितल्याने खरेच फरक पडतो का? अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉक्टरांनी हे पडताळून पाहिले. ती हकिकत १९६४ साली छापून आली. पोटाचे ऑपरेशन होणारे ९७ रोगी होते. त्यांतल्या काहींना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी बसून समजावले. जाग आल्यावर कुठे दुखेल, किती वेळ दुखेल, श्वास कसा घ्यायचा, कुशीवर कसे वळायचे, सारे सांगितले. बाकीच्यांना हे सांगितले नाही. कोणाला सांगितले आहे, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ज्यांना सांगितले होते, त्यांना दुखणे कमी करणारे औषध निम्मेच लागले. आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले.

पण दुसरी बाजूही सांगतो. २०१४ साली खुबा व गुडघा बदललेल्या रोग्यांच्या १८ पाहण्या डॉक्टरांनी एकत्र तपासल्या. आधी माहिती दिल्याने भीती थोडी कमी होत असावी. दुखणे व चालणे यांत मोठा फरक दिसला नाही. मला याचे नवल वाटले नाही. फळ्यावर चित्र काढून कुणाला पोहता आले आहे? विहिरीत उतरावेच लागते. नुसता छापील कागद हातात दिला तर तो उशाखाली जातो. शरीराने करून शिकले तरच तो धडा.

आक्काचा डावा गुडघा दीड वर्षाने करायचे ठरले. तेव्हा मी म्हणालो, "आक्का, या वेळी आपण आधी शाळा भरवू." ती म्हणाली, "भरव बाबा, पण छडी नको." ऑपरेशनच्या सहा आठवडे आधी आम्ही व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. सुनेला बरोबर नेले. कारण घरी आल्यावर पाय धरायला मी नाही, सूनच असते.

त्यांनी चार गोष्टी करून घेतल्या. पाय लांब करून पडायचे आणि गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची. मांडी घट्ट होते. पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग टाच गादीवरून घसरवत जवळ आणायची, म्हणजे गुडघा वाकतो. चौथी गोष्ट पावलाची. पाऊल वर-खाली हलवत राहायचे. ही दिसायला पोरखेळ, पण पोटरीत रक्त साकळू नये म्हणून मोलाची. आपल्याला कोणत्या व किती वेळा करायच्या, हे मात्र आपल्याच डॉक्टरांना विचारावे. आक्का सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा करी. वॉकर म्हणजे चार पायांची चौकट. ती घेऊन अंगणात चालण्याचा सराव तिने आधीच केला. पायरीचा नियमही पाठ केला. चढताना चांगला पाय पहिला. उतरताना ऑपरेशनचा पाय पहिला. हा नियम ती नातवंडांकडून वदवून घेई. मला तर वाटे, घरात पाढे चालले आहेत.

घराचीही तयारी केली. खाली बसून शौचास जाणे पुढे जमणार नव्हते. भोक असलेली खुर्ची मिळते, ती आणली. अंथरूण जमिनीवरून पलंगावर नेले. वाटेतली सतरंजी, दोरी, पाट उचलले. चुलीऐवजी ओट्यावर उभे राहून स्वयंपाक करायचे ठरले. त्यावर आक्का दोन दिवस रुसली. उभ्याने थापलेली भाकरी तिच्या मते भाकरीच नव्हे.

खरी लढाई मिसरीची झाली. तंबाखूने जखम उशिरा भरते आणि पू होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी निदान महिनाभर आधी सोडा म्हणून सांगितले. आक्काने सोडली असे सांगितले आणि डबी पिठाच्या डब्यात लपवली. ती नातीने शोधून काढली. मग खरेच सोडली. साखरेचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. पायाला गळू, चिघळलेली भेग, किडका दात, काहीही असले तरी आधी सांगावे. तेथले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात. घरी वस्तऱ्याने पायाचे केस काढू नयेत. बाजारात गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात. कधीकधी त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. पुडी घेत असाल तर लाजू नका; कागदासकट नेऊन दाखवा. आणि उपाशीपोटी या असे सांगितले, तर लपून चहा पिऊ नका. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते.

एक गोष्ट त्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मास्तरासारखी केली. सगळे सांगून झाल्यावर त्या आक्काला म्हणाल्या, "आता तुम्ही मला शिकवा. मी रोगी." आक्का आधी लाजली. मग तिने बाईंना पाय सरळ करायला लावला आणि म्हणाली, "दुखणं म्हंजे टाके तुटणं नव्हं. उशी मांडीखाली नाय, गुडघ्याखाली तर मुळीच नाय." मी मागे उभा होतो. त्या जुन्या उशीची आठवण होऊन मला मान वर करवेना.

दुसरे ऑपरेशन झाले. दुखले. खूप दुखले. शिकल्याने दुखणे जात नाही. पण या वेळी दुखणे अनोळखी नव्हते. त्याच संध्याकाळी ती वॉकर धरून उभी राहिली. व्यायामाच्या आधी अर्धा तास गोळी मागून घेई. सुजेवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवला. भेटायला येणारे म्हणत, गरम विटेचा शेक द्या, तेल चोळा, हळद भरा. सुनेने सगळ्यांना चहा पाजला आणि कुणालाही पायाला हात लावू दिला नाही. दोन आठवड्यांनी गुडघा सुताराच्या गुण्याएवढा, म्हणजे काटकोनात वाकू लागला. सरळही होऊ लागला. लोक वाकण्याकडेच पाहतात, पण सरळ होणे तितकेच महत्त्वाचे. नाहीतर माणूस जन्मभर लंगडत चालतो.

काही खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात. पोटरी सुजून घट्ट झाली व दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, लाली वाढत चालली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. गुडघा काही महिने कोमट लागतो, टाक्यांच्या बाजूला बधिर वाटते, चालताना कधी टक् असा आवाज येतो. याला भ्यायचे कारण नाही.

पैशाचेही आधी विचारावे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांध्याची किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तो सरासरी दीड लाखाच्या वर जाई. हा आकडा पुढे बदलत आला आहे, म्हणून आजचा भाव विचारावा आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी. सरकारी योजनाही आहे. जुलै २०१२ मध्ये ती प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. लातूरसह बाकीच्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. आपले ऑपरेशन त्यात बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, ते तो सांगतो. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथेही हाडांच्या डॉक्टरांना विचारता येते.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. डॉक्टरांपुढे बसले की अर्धे प्रश्न विसरतात. म्हणून ते घरीच कागदावर लिहून न्या. आक्का साठीनंतर अक्षरे गिरवायला शिकली. तिने आपला कागद स्वतः लिहिला. अक्षर वाकडे, पण वाचता येते. मी पहिल्यांदा कधी उभी राहू? टाके कधी काढणार? घरी कोणता व्यायाम, किती वेळा? कोणती गोळी बंद करू? मांडी घालून बसता येईल का? यावर डॉक्टरांनी सांगितले, "ते विसरा. खुर्चीवर बसा." आक्काला ते अजून आवडलेले नाही. कीर्तनात सगळ्या बाया खाली बसतात आणि ही एकटी उंच खुर्चीवर.

कागदावर शेवटचा प्रश्न होता, "माहूरच्या देवीला पायऱ्या चढून कधी जाऊ?" डॉक्टर हसले आणि त्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, "चार महिन्यांनी येऊन दाखवा, मग सांगतो." ती सहाव्या महिन्यात गेली. चार ठिकाणी बसत, कठडा धरत चढली. उतरताना मागे एक बाई घाई करू लागली. तिला आक्का म्हणाली, "थांब बाई, आधी ऑपरेशनचा पाय."