कौटुंबिक खर्चाची तुलना : भारत व अमेरिका
(वरच्या इयत्तांसाठी शेकडेवारीचा उपयोजन-पाठ)

शेकडेवारीची रीत मुलांना येते. परंतु ती कशासाठी काढावयाची, हे पुष्कळदा उमगत नाही. त्यासाठी हा पाठ घ्यावा.

प्रथम फळ्यावर पुढील आकडे लिहावेत. भारतात ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातील माणशी मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये आढळला. त्यात अन्नाचा वाटा शेकडा ४६.४ होता. शहरी भागात हेच आकडे ६,४५९ रुपये व शेकडा ३९.२ असे होते. अमेरिकेत २०२२ साली एका कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरी ७२,९६७ डॉलर झाला. त्यात निवासाचा वाटा शेकडा ३३.३, प्रवास व वाहनाचा १६.८ आणि अन्नाचा १२.८ होता.

नंतर विचारावे : एकीकडे रुपये, दुसरीकडे डॉलर, एक आकडा माणशी व मासिक, दुसरा कौटुंबिक व वार्षिक. मग तुलना कशाची करावी? रकमांची नव्हे, तर शेकडा प्रमाणांची, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

अमेरिकेतील माणसे कमी जेवतात काय? नाही. तेथील कुटुंबाचा अन्नखर्च वर्षाला सुमारे ९,३४० डॉलर येतो. एकूण खर्चच मोठा असल्यामुळे वाटा लहान दिसतो. उत्पन्न वाढले की अन्नावरील रक्कम वाढते, पण तिचे प्रमाण घटते, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडला.

या प्रमाणाचे महत्त्व महागाईत कळते. अन्नाचे भाव शेकडा १० ने वाढले व खाणे तेवढेच राहिले, तर दर शंभर रुपयांच्या खर्चात आपल्या ग्रामीण कुटुंबावर ४ रुपये ६४ पैशांचा भार पडेल. अमेरिकन कुटुंबावर दर शंभर डॉलरमागे १ डॉलर २८ सेंटचाच.

मात्र निवासाच्या प्रमाणांची सरळ तुलना करू नये. भारतीय पाहणीत स्वतःच्या घराचे भाडे धरलेले नाही. अमेरिकन पाहणीत गृहकर्जाचे व्याज व घरपट्टी निवासखर्चात येतात. आकडा कसा जमविला, हे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये, ही सवय मुलांना येथेच लावावी.

एक दक्षता अवश्य घ्यावी. कोणाही मुलाला स्वतःच्या घरचा खर्च वर्गात विचारू नये; त्यामुळे गरीब मूल संकोचते. त्याऐवजी पुढील काल्पनिक उदाहरण द्यावे.

गृहपाठ : एका कुटुंबाचा मासिक खर्च १०,००० रुपये असून त्यातील ५,००० रुपये अन्नावर जातात. अन्नाचे भाव शेकडा १० ने वाढले. मिळकत तीच राहिली. वाढीव ५०० रुपये कोणत्या खर्चातून काढावेत : दुधाच्या, औषधांच्या की वह्यांच्या? कारणे लिहा.

या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांनी दिलेली कारणे मात्र शिक्षकांनी काळजीपूर्वक वाचावीत.