धडधड: तिची आणि त्याची

१. दवाखान्यात बाई सांगते, "डॉक्टर, छातीत धडधडतंय, हातपाय गळून जातात, जीव घाबरा होतो." पुरुष सांगतो, "गॅस झालाय. आलोच आहे तर ईसीजी काढून टाका." रात्री दोनला उठून बसतात, हे बायको सांगते, तेही साहेब शर्टाची बटणं लावत असताना. काळजी दोघांनाही पोखरते. त्याची मात्र ॲसिडिटी, आखडलेली मान आणि संध्याकाळचा पेग यांच्याआड दडते.

२. जास्त जाणवतं म्हणजे अचूक जाणवतं असं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर शान्ड्री यांची १९८१ सालची चाचणी प्रसिद्ध आहे: नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके मोजायचे आणि यंत्राशी ताडून पाहायचे. अशा चाचण्यांत बायका सरासरीने थोड्या मागे पडतात. शरीराकडे आपलं लक्ष असतं, असं प्रश्नावलीत मात्र त्याच जास्त सांगतात. यावरून कुणी बायकांच्या तक्रारी उडवून लावू लागला, तर मी त्याला थांबवतो. आपली नाडी साधारण किती चालते हे ज्याला ठाऊक, त्याचा या चाचणीत नुसता अंदाजही जुळतो. शिवाय सरासरी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायला येत नाही.

३. धडधडीपेक्षा आपण धडधडीचा लावलेला अर्थ जास्त छळतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलं. जिना चढून ठोके वाढले, 'अटॅक आला' असं वाटलं, त्या भीतीने ठोके आणखी वाढले. तपासण्या नॉर्मल आल्या की मी पेशंटला तिथेच जागच्या जागी पळायला लावतो. छाती धडधडते, मग आपोआप शांत होते. ते स्वतः अनुभवल्यावर चेहरा बदलतो.

४. तपासल्याशिवाय बाईच्या कागदावर 'टेन्शन' लिहू नये. थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, पाळी जाण्याचा काळ, कशानेही धडधडतं.

५. पुरुषाला "भीती वाटते का?" विचारलं की "छे!" येतं. झोप विचारा, चिडचिड विचारा.

६. हार्ट अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतंच. पण दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं त्यांच्यात जास्त दिसतं. असं काही अचानक झालं, तर तो असो वा ती, गॅसची गोळी घेऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा.