उतारावर जाण्याआधी बोर्ड उलटा करून पाहा

आमच्या पुण्याच्या सोसायटीत गेटपासून पार्किंगपर्यंत लांब उतार आहे. तिथे वळताना मी उजवीकडे झुकले आणि स्केटबोर्ड जागीच अडकला. मी पुढे फेकले गेले, हात टेकवले आणि मनगटाचं हाड मोडलं.

बोर्ड उलटा केल्यावर कारण दिसलं. पुढच्या उजव्या चाकाच्या बरोबर वर डेकचं, म्हणजे पाय ठेवायच्या फळीचं, लाकूड घासून चकचकीत झालं होतं आणि तिथे बोटाला लागेल एवढी खाच पडली होती. याला व्हीलबाइट म्हणतात. झुकताना चाक डेकला टेकतं आणि फिरायचं थांबतं. दुकानाने बोर्ड जोडून दिला होता. चाकं 60 मिलिमीटरची, ट्रक (चाकं धरणारे आस) ढिले आणि ट्रक व डेक यांच्यामध्ये रायझर पॅड (उंची वाढवणारी पट्टी) नाही.

म्हणून नवा बोर्ड हातात आला की भिंतीला धरून त्यावर उभे राहा. एका कडेवर पूर्ण भार द्या आणि चाक डेकला लागतंय का, ते दुसऱ्या कोणाला तरी वाकून पाहायला सांगा. मग दुसरी कड. लागत असेल तर रायझर बसवा किंवा लहान चाकं घ्या. ट्रकच्या किंगपिनचा, म्हणजे मधल्या बोल्टचा, नट थोडा आवळूनही फरक पडतो, पण एका वेळी पाव फेराच द्या. फार आवळला तर बोर्ड वळत नाही, फार ढिला ठेवला तर वेगात थरथरतो.

चाकं रस्ता पाहून निवडा. स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर 50 ते 54 मिलिमीटरची, कडकपणा 99ए च्या आसपास असलेली चाकं छान चालतात. खडी उघडी पडलेल्या डांबरावर मात्र 78ए ते 85ए ची मऊ, मोठी चाकं हवीत. कडक लहान चाकाखाली एक बारीक खडा आला तरी बोर्ड थांबतो. 1970च्या दशकात फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली आणि हा खेळ पालटला, कारण आधीच्या टणक चाकांची रस्त्यावर पकडच नसे.

आता पाय. पुढचा पाय पुढच्या बोल्टच्या जवळ ठेवा आणि ढकलताना मागचाच पाय जमिनीवर उतरवा. पुढच्या पायाने ढकललं, तर पुढच्या ट्रकवर भार राहत नाही आणि बोर्ड भरकटतो. गुडघे वाकलेले असू द्या. जिकडे जायचं तिकडे आधी नजर, मग खांदे. बोर्ड आपोआप मागे येतो. थरथर सुरू झाली तर अंग ताठ करू नका, भार पुढच्या पायावर घ्या.

थांबायचा सराव सपाट जागीच करा. खडूने रेघ मारा. भार पुढच्या पायावर ठेवून मागच्या पायाचा तळवा जमिनीवर हलकेच घासत न्या आणि पुढची चाकं रेघेवर थांबवा. दर वेळी जमू लागलं की वेग वाढवा. उताराचा नंबर त्यानंतर.

तोल गेलाच तर सरळ हात टेकवू नका. अंग गोळा करून खांद्यावर लोळा. आणि मुलांसाठी बोर्ड घेताना हेल्मेट व मनगटाचे गार्ड त्याच दिवशी घ्या. ते बजेटमध्ये बसत नसतील, तर बोर्ड स्वस्तातला घ्या. गार्ड मात्र टाळू नका.