परदेशी नोकरी : पासपोर्ट हातातून सोडण्यापूर्वी

खान्देशातील होतकरू तरुणांसाठी आखाती देशांतील नोकरी ही संसार सावरण्याची एक वाट आहे. मुक्ताईनगर परिसरात केळीच्या बागेतील मजुरीवर किंवा छोट्या दुकानावर घर चालविणारे पालक मुलाला वेल्डर, गवंडी वा ड्रायव्हर म्हणून बाहेर पाठविण्यासाठी दागिने मोडतात, शेत गहाण ठेवतात. म्हणून हा व्यवहार डोळसपणे केला पाहिजे. फसवणूक परदेशात उतरल्यावर सुरू होत नाही. ओळखीच्या माणसाच्या हाती पासपोर्ट व रोख रक्कम दिली जाते, तेथेच ती बहुधा सुरू होते.

परवाना कोणाकडे?

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने सरकारी नोंदणी बंधनकारक केली. नोंदणी क्रमांक कार्यालयात व जाहिरातीत ठळकपणे असावा लागतो. गावात फिरून मुले गोळा करणाऱ्या सब-एजंटला कायद्यात स्थान नाही. तो नात्यातला असो की शेजारचा, त्याला विचारावे, "तुमचा परवाना क्रमांक काय?" मिळालेला क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. परवाना चालू आहे की रद्द झाला, हे तेथे कळते.

पैशाचा हिशेब

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. पैसे बँकेमार्फत द्यावेत व पावती घ्यावी.

आता समजा, कोणी दोन लाख मागितले आणि ते शेकडा तीन रुपये मासिक व्याजाने उचलले. मुलगा महिन्याला दहा हजार घरी पाठवू लागला, तर पहिल्या महिन्यात सहा हजार व्याजातच जातात. या हिशेबाने दोन वर्षांचा करार संपला तरी साठ हजारांहून अधिक कर्ज शिल्लक राहते. नोकरी खरी निघाली तरी ही स्थिती. खोटी निघाली तर शेतही जाते.

व्हिसा कोणता?

"आधी व्हिजिटवर चला, तेथे कामाचा व्हिसा करून देऊ" किंवा "आझाद व्हिसा आहे, हवे तेथे काम करा" अशी भाषा ऐकताच थांबावे. व्हिजिटवर काम करणे गुन्हा ठरतो. सौदीत कफील सोडून दुसरीकडे परवानगीविना काम केल्यास अटक व परत पाठवणी होऊ शकते.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. असा पासपोर्टधारक आखातात नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयाची मंजुरी लागते. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा अपघाती विमा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. व्हिजिटवर जाणारा हे संरक्षण गमावतो.

शिकलेल्यांनीही सावध राहावे

थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी सांगून तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात नेले गेले, कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने आणखी ६० हून अधिक जणांची सुटका केली.

निघण्यापूर्वी

१) करारपत्रातील पगार, काम, तास व राहण्याची सोय समजून घ्यावी, न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये.

२) पासपोर्ट, व्हिसा, करार व पावत्यांच्या प्रती घरी ठेवाव्यात.

३) शंका आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या १८००-११-३०९० या मोफत क्रमांकावर विचारावे.

४) फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. आपण गप्प राहिलो, तर तोच माणूस उद्या शेजारच्या घरी जाईल.

परवाना क्रमांक विचारल्याने प्रामाणिक एजंट रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हाती पासपोर्ट देऊ नये.