प्रकल्पाला गुण कशाचे द्यायचे?

प्रश्न: मी चौथीला शिकवते. प्रकल्पांसाठी रुब्रिक वापरली तर सगळ्यांचे प्रकल्प एकसारखे होणार नाहीत का?

उत्तर: रुब्रिक, म्हणजे निकष आणि त्यांच्या पायऱ्यांचा तक्ता, जरूर वापरा, पण निकष तीन-चारच ठेवा. २०१० पासून राज्यात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन आहे. तरी अनेकदा गुण मिळतात ते थर्माकोलला, चमकीला आणि पालकांच्या जागरणाला! ‘परिसरातील पाण्याचे स्रोत’ हा प्रकल्प घ्या. ‘माहिती चांगली’ या निकषाचा उपयोग नाही, कारण प्रत्येकाचे ‘चांगले’ वेगळे. त्याऐवजी स्रोतांची नुसती नावे लिहिली, स्वतः पाहून वर्णन केले, उन्हाळ्यात पाणी का आटते याचे कारण दिले, अशा चढत्या पायऱ्या ठेवल्या, की मुलाला आपण कुठे आहोत ते कळते. एकसारखेपणाची तुमची भीती रास्त आहे. पण ‘पाच चित्रे, दोन पाने’ असे रूप ठरवून दिले, तरच तो येतो. विचाराच्या पायऱ्या दिल्या, तर कोणी नकाशा काढेल, कोणी आजीची मुलाखत घेईल. यात वेळ जातो, हा आक्षेप अर्धाच खरा. तक्ता आधीच मुलांना समजावला, तर नंतर प्रत्येक वहीत लांबलचक शेरे लिहावे लागत नाहीत. लिहिणे जड जाणाऱ्या मुलाला मात्र तोंडी विचारा आणि त्यावरूनच पायरी ठरवा.